नैराश्याचे मूळ आणि श्रमिकाचे ताट

शहरांतील औषधांच्या दुकानांत आणि वृत्तपत्रांच्या रविवारच्या पुरवण्यांत गेली काही वर्षे एका मालाची जोरदार विक्री चालू आहे. मन उदास आहे? कामात लक्ष लागत नाही? मग ड जीवनसत्त्वाची पुडी घ्या, ब जीवनसत्त्वांच्या गोळ्या घ्या, महिन्याभरात टवटवीत व्हा. मनाची मरगळ ही बाटलीत भरून विकता येण्याजोगी गोष्ट आहे, हा शोध भांडवलदारी बाजारपेठेने लावला यात नवल नाही. नवल याचे वाटते की, या जाहिरातबाजीला विटून आपल्यापैकी अनेक साथी दुसऱ्या टोकाला जातात आणि जीवनसत्त्वांचा मनाशी काही संबंध असू शकतो ही गोष्टच थोतांड म्हणून उडवून लावतात. नैराश्य हे या समाजव्यवस्थेचे अपत्य आहे, तेथे गोळ्यांनी काय होणार, असा त्यांचा युक्तिवाद असतो. तो ऐकावयास क्रांतिकारक वाटतो. परंतु तो भौतिकवादी नाही. मन हे मेंदूचे कार्य आहे, मेंदू हा शरीराचा अवयव आहे आणि शरीर अन्नावर चालते, एवढे तरी मार्क्सवाद्याला मान्य असावयास हवे.

प्रस्तुत लेखक स्वतःच काही वर्षांपूर्वी या चुकीत सामील होता, म्हणून ती हकीकत प्रथम सांगणे प्रामाणिकपणाचे होईल.

इचलकरंजीच्या यंत्रमाग कामगारांत दीर्घकाळ काम केलेला आमचा एक साथी हळूहळू बैठकांना येईनासा झाला. बारा तासांची पाळी संपवून सायकलवरून दारोदार पक्षाचा अंक पोहोचविणारा हा माणूस. अंकांचे गठ्ठे त्याच्या घरात न सोडताच पडून राहू लागले. बोलावले तर ‘येतो’ म्हणे आणि येत नसे. आला तर कोपऱ्यात बसून राही, रोजच्या माणसांची नावे विसरे. एकदा तर सभेत बोलता बोलता थांबला आणि खाली बसून रडू लागला. पायांना मुंग्या येतात, तळवे बधिर होतात, अशी तक्रार तो करी. माग चालविणाऱ्याचे पाय दुखायचेच, असे म्हणून आम्ही ती बाजूला सारीत असू. शाखेच्या अहवालात त्याच्याविषयी ‘निष्क्रिय, मनोधैर्य खचलेले’ असा शेरा गेला. सदस्यत्वाच्या नूतनीकरणाच्या वेळी त्याचे नाव वगळावे अशी सूचना आली, आणि तिला विरोध करणाऱ्यांत प्रस्तुत लेखक नव्हता.

गल्लीतल्या एका डॉक्टराने त्याला ‘टेन्शन’ आहे असे सांगून झोपेच्या गोळ्या दिल्या होत्या. अखेर त्याच्या पत्नीने त्याला सरकारी इस्पितळात नेले. तेथील तरुण डॉक्टरीणबाईंनी त्याची जीभ पाहिली. ती गुळगुळीत आणि लालभडक झालेली होती. पाय जुळवून आणि डोळे मिटून उभे राहावयास सांगितले, तर त्याचा तोल जाऊ लागला. रक्त तपासल्यावर ब-१२ जीवनसत्त्वाची तीव्र कमतरता निघाली. चहा, भाकरी, चटणी, कधी पातळ आमटी, अशी त्याची वर्षानुवर्षांची खाण्याची तऱ्हा होती. घरात दूध येई ते चहापुरते; अंडी किंवा मटण कधी आलेच तर ते मुलांच्या पानात पडे. इंजेक्शने सुरू झाल्यावर काही आठवड्यांत आमचा जुना साथी पुन्हा ओळखू येऊ लागला. पायांच्या मुंग्या मात्र पूर्णपणे गेल्या नाहीत. रोग उशिरा ओळखला गेला की मज्जातंतूंची हानी अशी मागे राहते, आणि त्या उशिरात आमच्या शाखेचाही वाटा होता.

एका माणसाच्या अनुभवावरून सिद्धान्त उभारता येत नाही, हे खरे. परंतु अन्नातील एका घटकाच्या अभावामुळे लक्षावधी माणसांची मने काळवंडली, हे वैद्यकशास्त्राच्या इतिहासात निर्विवादपणे सिद्ध झालेले आहे. त्या रोगाचे नाव पेलाग्रा. त्याचा इतिहास प्रत्येक कार्यकर्त्याने वाचावा असा आहे, कारण तो जितका वैद्यकाचा आहे तितकाच वर्गसंबंधांचा आहे.

मका हे मूळ अमेरिकेतील धान्य. तेथील मूळ रहिवासी तो चुन्याच्या पाण्यात शिजवून खात आणि त्यांना हा रोग होत नसे. चुन्यामुळे मक्यात अडकून असलेले नायसिन हे जीवनसत्त्व शरीराला मिळू शकते, हे फार पुढे कळले. युरोपच्या जमीनदारांनी धान्य नेले, ते शिजविण्याचे ज्ञान नेले नाही. भरपूर पिकणारा मका शेतमजुराच्या पोटात ढकलला की गहू विक्रीला मोकळा होतो, एवढाच हिशेब त्यात होता. स्पेनमधील गास्पार कासाल या वैद्याने १७३५ साली गरीब शेतकऱ्यांत हा रोग प्रथम पाहिला. उत्तर इटलीत मक्याच्या घाट्यावर जगणाऱ्या कुळांत तो घरोघर पसरला. उन्हात उघड्या पडणाऱ्या कातडीवर खरबरीत चट्टे, न थांबणारी हगवण, आणि त्यांच्या बरोबरीने, कित्येकदा त्यांच्या आधीही, निद्रानाश, चिडचिड, विस्मरण आणि खोल विषण्णता. असे रोगी पाण्यात उडी घेऊन जीव देतात, अशी नोंद अठराव्या शतकातील इटालियन वैद्यांनी करून ठेविली आहे. वेड्यांची इस्पितळे या शेतकऱ्यांनी भरून गेली.

विसाव्या शतकाच्या आरंभी हाच रोग अमेरिकेच्या दक्षिणेकडील कापूस पिकविणाऱ्या राज्यांत उसळला. अर्धेलीने शेती करणारी कुळे, काळी आणि गोरीही, आणि कापडगिरण्यांतील कामगार हे त्याचे बळी. मक्याचे पीठ, काकवी आणि डुकराची चरबी हा त्यांचा आहार. घराच्या उंबरठ्यापर्यंत कापूस लावण्याची जमीनमालकाची सक्ती असल्यामुळे भाजीपाल्याला आणि गाईला जागा नव्हती. जे खायचे ते मालकाच्या किंवा गिरणीच्या दुकानातून उधारीवर आणायचे. १९०६ ते १९४० या काळात सुमारे ३० लाख लोकांना पेलाग्रा झाला आणि सुमारे १ लाख माणसे दगावली, असा अंदाज सांगितला जातो.

१९१४ साली जोसेफ गोल्डबर्गर या सरकारी डॉक्टरकडे या रोगाचा शोध सोपविण्यात आला. एका गरीब ज्यू स्थलांतरित कुटुंबातला हा माणूस. त्याने पहिल्याच फेरीत एक साधी गोष्ट हेरली: वेड्यांच्या इस्पितळातील रुग्णांना पेलाग्रा होतो, पण त्यांची रात्रंदिवस शुश्रूषा करणाऱ्या सेवकांना होत नाही. रोग संसर्गजन्य असता तर असे झाले नसते. फरक होता तो पानातल्या वाढपाचा. अनाथालयांत दूध, अंडी, मांस, कडधान्ये देताच रोग नाहीसा झाला. १९१५ साली मिसिसिपीतील तुरुंगाच्या शेतावर, शिक्षा माफ होण्याच्या बोलीवर तयार झालेल्या अकरा कैद्यांना त्याने दक्षिणेतील गरिबांचा आहार दिला आणि सहा जणांना पेलाग्रा झाला. (कैद्यांना असे राबविणे आज कोणीही समर्थनीय मानणार नाही, परंतु त्या राज्यातील हजारो निरपराध माणसे तोच आहार कोणत्याही माफीविना खात होती, हेही विसरता येत नाही.) तरी विरोधक मानेनात, तेव्हा गोल्डबर्गर, त्याची पत्नी आणि सहकारी यांनी पेलाग्राच्या रुग्णांचे रक्त स्वतःच्या शरीरात टोचून घेतले. कोणालाही रोग झाला नाही.

इतके होऊनही त्याचे म्हणणे स्वीकारावयास प्रस्थापितांना वर्षानुवर्षे का लागावीत? कारण त्यातून निघणारा निष्कर्ष परवडणारा नव्हता. जंतूमुळे रोग होतो म्हटले की मोरी साफ करून भागते. आनुवंशिकतेमुळे होतो म्हटले की दोष गरिबाच्या रक्ताचा ठरतो, आणि तसे ‘शास्त्रीय’ अहवाल त्या काळी सिद्धही करण्यात आले होते. गोल्डबर्गरने मात्र एडगर सायडनस्ट्रिकर या अर्थशास्त्रज्ञाला बरोबर घेऊन १९१६ पासून दक्षिण कॅरोलायनातील सात गिरणीगावांची घरोघर पाहणी केली. कुटुंबाचे उत्पन्न जसे खाली जाते, तसा पेलाग्रा वर चढतो, हे आकड्यांनिशी दिसले. १९२० साली कापसाचे भाव कोसळले आणि पुढच्या वर्षी रोग वाढणार असा इशारा त्याने दिला, तेव्हा दक्षिणेतील राजकारणी आणि व्यापारी भूकबळींची मदत करणाऱ्यांवरच उखडले. आमच्या प्रदेशात दुष्काळ आहे असे म्हणणे ही आमची बदनामी आहे, अशी त्यांची ओरड होती. आपल्याकडील मंत्र्यांची कुपोषणाविषयीची निवेदने ऐकलेल्या वाचकाला या ओरडीत अनोळखी काही आढळणार नाही.

गोल्डबर्गर १९२९ साली वारला. कॉनराड एल्वेहेम याने १९३७ साली नायसिन हेच ते हरवलेले जीवनसत्त्व असल्याचे दाखवून दिले. १९३८ साली टॉम स्पाइज व सहकाऱ्यांनी पेलाग्राच्या मानसिक लक्षणांवर ते वापरून पाहिले, आणि भ्रमिष्ट किंवा विषण्ण होऊन पडलेले रुग्ण अल्पावधीत शुद्धीवर येऊ लागले. कित्येकांना इस्पितळाच्या कोठडीत आयुष्य काढावे लागले होते, ते मूठभर दाणे-डाळीच्या अभावी.

हा प्रश्न परदेशापुरता नाही. तेलंगण आणि दख्खनच्या ज्वारी खाणाऱ्या पट्ट्यात पेलाग्रा होता. मराठवाडा १९५६ पर्यंत ज्या हैदराबाद संस्थानाचा व पुढे राज्याचा भाग होता, त्याच राज्याची ही कहाणी आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतील डॉ. सी. गोपालन आणि डॉ. श्रीकांतिया यांनी १९६० साली असे प्रतिपादन केले की, ज्वारीतील ल्युसिन या अमिनो आम्लाच्या आधिक्यामुळे शरीरातील नायसिनचा व्यवहार बिघडतो. हा सिद्धान्त पुढे वादग्रस्त राहिला. परंतु त्याच संस्थेत पेलाग्राच्या रुग्णांतील मानसिक बदलांचाही अभ्यास झाला आणि त्यांत विषण्णता हे ठळक लक्षण होते. येथे एक खुलासा अवश्य केला पाहिजे. दोष ज्वारीचा नव्हे. हीच ज्वारी देशमुखाच्या वाड्यातही खाल्ली जात होती. तेथे तिच्यासोबत वरण होते, दूध-तूप होते. पेलाग्रा होत होता तो नुसत्या भाकरीवर आणि मिरचीच्या ठेच्यावर राबणाऱ्या सालगड्याला. आता हीच ज्वारी ‘आरोग्यदायी भरडधान्य’ म्हणून मॉलमध्ये चढ्या भावाने विकली जाते, हा इतिहासाचा एक विनोदच म्हणावयाचा.

या रोगाने मनावर घाला का पडतो? मेंदूच्या पेशींना ऊर्जा मिळविण्यासाठी नायसिन अत्यावश्यक असते. आहारात ते कमी पडले तर शरीर ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लापासून ते तयार करते. परंतु १ मिलिग्रॅम नायसिनसाठी सुमारे ६० मिलिग्रॅम ट्रिप्टोफॅन खर्ची पडते. आणि मेंदूतील सिरोटोनिन हे द्रव्यही याच ट्रिप्टोफॅनपासून बनते. म्हणजे अपुऱ्या मजुरीत किराणा भागवावा की मुलाची फी भरावी, अशा ओढाताणीत सापडलेल्या कुटुंबासारखी शरीराची अवस्था होते. सिरोटोनिन कमी म्हणजे नैराश्य, असे सरळ समीकरण मात्र आज शास्त्रज्ञ मांडीत नाहीत, आणि आपणही मांडू नये.

पेलाग्रा आज विरळा झाला आहे. ब-१२ आणि फॉलिक आम्ल यांची टंचाई मात्र अजिबात विरळा नाही. मज्जातंतूंवरील आवरण सुस्थितीत राहण्यासाठी ब-१२ लागते. मेंदूतील अनेक रासायनिक क्रियांना ही दोन्ही जीवनसत्त्वे मिळून चालना देतात. त्यांच्या तीव्र अभावाने रक्तक्षय होतो, स्मृती मंदावते, मन खचते. ब-१२ च्या बाबतीत तर रक्तात काही ठळक दिसण्यापूर्वीच हे घडू शकते. १९६१ साली व्हिक्टर हर्बर्ट या अमेरिकन डॉक्टरने स्वतःवरच प्रयोग करून फॉलिक आम्लाविना अनेक महिने काढले, तेव्हा त्याची झोप उडाली, विस्मरण आणि चिडचिड सुरू झाली. ते जीवनसत्त्व घेताच ही लक्षणे ओसरली. आपल्या देशात २०१६ ते २०१८ या काळात झालेल्या सर्वंकष राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात १० ते १९ वर्षे वयाच्या मुलामुलींपैकी ३१ टक्क्यांत ब-१२ ची आणि ३७ टक्क्यांत फॉलिक आम्लाची कमतरता आढळली. याचा अर्थ ही सर्व मुले नैराश्याने ग्रस्त आहेत असा नव्हे. परंतु अभ्यासात लक्ष नाही, सुस्त आहे, आळशी आहे, असे शेरे ज्यांच्या प्रगतिपुस्तकावर पडतात त्यांच्यापैकी कितीजणांच्या रक्तात काय कमी आहे, हे कोणी तपासले आहे?

आता बाजारातील गोळ्यांविषयी. अमेरिकेत पन्नाशीवरील १८,३५३ व्यक्तींना पाच वर्षांहून अधिक काळ ड जीवनसत्त्व किंवा निष्क्रिय गोळी देऊन तुलना करण्यात आली. २०२० साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला: नैराश्य टाळण्यास त्या जीवनसत्त्वाचा उपयोग झाला नाही. त्याच्या आदल्या वर्षी चार युरोपीय देशांतील १,०२५ लठ्ठ किंवा स्थूल व्यक्तींवरील प्रयोगातही अनेक पोषकद्रव्यांची एकत्रित गोळी निरुपयोगी ठरली. ज्यांचे पोट भरलेले आहे त्यांना वरून जीवनसत्त्वे चारून मन प्रसन्न होत नाही, हे यातून स्पष्ट होते. ज्याच्या ताटात ती नाहीतच, त्याच्याविषयी हे प्रयोग काही सांगत नाहीत. तशा माणसांवर ते केलेलेच नव्हते. शिवाय निराश माणूस नीट जेवत नाही, उन्हात बाहेर पडत नाही, म्हणूनही त्याच्या रक्तातील जीवनसत्त्वे घटतात. म्हणजे कारण कोणते आणि परिणाम कोणता, हे प्रत्येक वेळी तपासूनच ठरवावे लागते. औषध कंपन्यांना हा तपास नको असतो, कारण त्यांचा ग्राहक तपासाआधीच ठरलेला असतो.

ब-१२ नैसर्गिकरीत्या मिळते ते प्राणिजन्य अन्नातून: दूध, दही, अंडी, मासे, मांस यांतून. येथे प्रश्न वैद्यकाच्या खोलीतून बाहेर पडून राजकारणात येतो. मध्य प्रदेशच्या मुख्यमंत्र्यांनी २०१५ साली अंगणवाडीच्या आहारात अंडे देण्यास नकार दिला. महाराष्ट्रात नोव्हेंबर २०२३ मध्ये शालेय पोषण आहारात आठवड्यातून एक अंडे सुरू झाले आणि जानेवारी २०२५ मध्ये त्यासाठीचा राज्याचा निधी काढून घेण्यात आला. अंडे द्यायचे असल्यास शाळांनी लोकवर्गणीतून द्यावे, असा आदेश निघाला. ज्यांची मुले अंडे खात नाहीत त्यांच्यासाठी केळ्याची सोय होती, म्हणजे सक्तीचा प्रश्नच नव्हता. आदिवासी, दलित आणि बहुजन कष्टकऱ्यांच्या घरी अंडे निषिद्ध नाही, ते परवडत नाही एवढेच. वरिष्ठ जातींच्या सोवळ्यासाठी गरिबाच्या मुलाच्या मज्जातंतूंनी किंमत मोजावी, असा हा निर्णय आहे. दुधाची गोष्टही फारशी वेगळी नाही. ज्या घरची म्हैस दूध देते त्या घरातलेही दूध पहाटे डेअरीला जाते, आणि सर्वांत शेवटी जेवणाऱ्या बाईच्या वाट्याला ताकसुद्धा उरत नाही.

केंद्र सरकारने यावर उत्तर शोधले ते लोह, फॉलिक आम्ल आणि ब-१२ मिसळलेल्या तांदळाचे. एप्रिल २०२२ मध्ये मंत्रिमंडळाने त्यास मंजुरी दिली आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये डिसेंबर २०२८ पर्यंतची मुदतवाढ जाहीर केली. अमेरिकेतही पिठात नायसिन मिसळल्याने पेलाग्रा हटण्यास मदत झाली, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने हक्क दिला तो धान्याचा, डाळीचा आणि तेलाचा नव्हे. डाळ, अंडे, दूध या वस्तू ताटाबाहेर ठेवून त्यांच्यातील एकेक घटक पूड करून तांदळात मिसळावा, यातून मिश्रण पुरविणाऱ्या कारखानदाराला बांधलेला ग्राहक मिळतो. रेशनवर डाळ आणि तेल, शाळेत आणि अंगणवाडीत अंडे, ही आपली मागणी त्यामुळे मागे पडता कामा नये.

एक इशारा आपल्या बाजूलाही देणे जरूर आहे. २०२१ साली देशात १,६४,०३३ आत्महत्यांची नोंद झाली. त्यांपैकी ४२,००४ रोजंदारीवरील मजूर होते. या माणसांना जीवनसत्त्वे कमी पडली म्हणून त्यांनी जीव दिला, असे उद्या एखादा सरकारी तज्ज्ञ म्हणू लागला तर त्याला आपण ठामपणे अडविले पाहिजे. कर्ज, कामाचा अभाव, अपमान, आजारपणाचा खर्च ही कारणे कोणत्याही इंजेक्शनाने जात नाहीत. पण शेवटचा माणूस व्यवस्था बदलेपर्यंत वाट पाहील, तोवर त्याचे रक्त तपासण्याची गरज नाही, असेही कोणी म्हणू नये. ब-१२ ची इंजेक्शने स्वस्त आहेत. तपासणी मात्र खासगी प्रयोगशाळेत करावयाची तर मजुराचा दिवसाचा रोज त्यात जातो. ही तपासणी प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात मोफत मिळाली पाहिजे, आणि मनाच्या आजाराची तक्रार घेऊन आलेल्या श्रमिकाला प्रथम ‘तू काय जेवतोस?’ असे विचारले गेले पाहिजे.

आमच्या शाखेने तो शेरा अहवालातून काढून टाकला. सलग तीन बैठका चुकविणाऱ्या साथीच्या घरी आता कोणीतरी जाऊन येते, आणि जाताना जमाखर्चाची वही बरोबर नेत नाही. तो साथी पुन्हा अंक वाटतो. तोल सांभाळत नाही म्हणून सायकल त्याने मुलाला दिली आहे. गल्ल्या तो पायीच हिंडतो. ज्या कारखान्यात तो काम करी तेथील माग गेल्या वर्षी भंगारात गेले, आणि बचत गटाच्या कर्जाचा हप्ता दर आठवड्याला दारात उभा राहतो. त्या दिवशी तो कोणाशी बोलत नाही.